जुन्या गाडीचे ब्रेक : पार्ट बदलण्याआधी दोष ओळखा

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की ब्रेकची तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जाणं ठरलेलं असतं. तिथलं उत्तरही बऱ्याचदा ठरलेलं असतं : पुढचे पॅड टाका, मागचे लायनर टाका, ऑइल बदला. पैसे जातात, चार दिवस बरं वाटतं आणि पेडल पुन्हा खोल जायला लागतं. नवे पार्ट खराब निघाले असं समजून मालक चरफडतो. खरं म्हणजे दोष मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागात होता आणि पैसे पॅडवर गेले.

ब्रेकचा जवळजवळ प्रत्येक दोष स्वतःची वेगळी खूण देतो. ती आधी चालवणाऱ्याच्या पायाला कळते, मग कानाला. मेकॅनिकला ती सगळ्यात शेवटी कळते, कारण तो गाडी चालवून बघतो ती गॅरेजसमोरच्या रस्त्यावर दोन मिनिटं. ‘ब्रेक नीट लागत नाही’ एवढंच सांगितलंत तर तो अंदाजाने पार्ट बदलणार. ‘पाय दाबून धरला की पेडल हळूहळू बसतं, पण बाटलीतलं ऑइल कमी होत नाही’ असं सांगितलंत तर तो थेट मास्टर सिलिंडरकडे वळेल. अशी नेमकी तक्रार सांगता यावी, म्हणून घरच्या घरी काय काय तपासता येतं ते इथे मांडतो आहे.

डोळ्यांपुढे आहेत त्या मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो, इंडिका, जुनी वॅगन आर अशा गाड्या. बहुतेकींना पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस नाही. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० आता दहा वर्षांच्या पुढची आहे. या वयात झिजतात ते फक्त पॅड आणि लायनर नव्हेत. रबर कडक होतं, सिलिंडर आतून गंजतो, केबलमध्ये पाणी शिरतं. जुन्या गाडीच्या ब्रेकचे अवघड दोष बहुधा या तीन गोष्टींतून निघतात.

सुरुवात बॉनेट उघडून, ऑइलच्या बाटलीपासून करा. सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते इंजिन ऑइलच्या जातीचं नाही. चुकून त्यात इंजिन ऑइल पडलं तर सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचं प्रत्येक सील बदलावं लागतं. बाटलीवर कमाल आणि किमान पातळीच्या दोन रेघा असतात. पॅड झिजत जातात तशी पातळी महिन्यागणिक थोडी थोडी उतरते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट, अशा वेळी वरून ऑइल भरत राहिलात तर नवे पॅड टाकताना ते बाटलीतून उतू जातं आणि आजूबाजूचा रंग खातं. पातळी चार-आठ दिवसांत उतरली, तर मात्र कुठेतरी गळती आहे. एक खूण अनेकांच्या नजरेतून सुटते. हँडब्रेक पूर्ण खाली असताना त्याचा लाल दिवा वळणावर किंवा उतारावर क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. बऱ्याच गाड्यांत तोच दिवा कमी झालेल्या ऑइलचाही असतो. पातळी काठावर आली की हिंदकळण्याने तो लागतो. दिवा सटकलाय म्हणून सोडून देऊ नका.

गळती शोधायला चारही टायरांच्या आतल्या बाजू बॅटरीच्या उजेडात पाहा. मागच्या टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, धूळ चिकटलेला ओघळ असेल तर तिथला व्हील सिलिंडर गळतो आहे. पुढे रबरी पाइपच्या दोन्ही टोकांवर बोट फिरवा. चारही चाकं कोरडी आणि तरीही ऑइल जातंय, तर मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला (व्हॅक्यूमच्या मदतीने पेडल हलकं करणाऱ्या भागाला) बसतो तिथे खालून फडकं फिरवा. तिथला रंग फुगला किंवा सोलला असेल तर मागचं सील गेलं. हे ऑइल बूस्टरच्या पोटात साचू शकतं, आणि तिथून व्हॅक्यूमच्या पाइपने इंजिनात ओढलं जातं. अशी गाडी कारणाशिवाय पांढरा धूर सोडते. खाली एकही थेंब नाही, तरी बाटली रिकामी होते, या कोड्याचं उत्तर बहुधा हेच असतं.

आता पेडल. इंजिन बंद ठेवून ते पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं, तर बूस्टर काम करतो आहे. काहीच हललं नाही तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा पाइपवरचा एकतर्फी व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेलं. आधी पाइप पाहा. तडकलेला किंवा सैल पाइप स्वस्तात सुटतो आणि तेच कारण निघण्याची शक्यता चांगली असते. पेडल दाबताच डॅशबोर्डखालून सतत फुसफुस येत असेल आणि इंजिनची आयडलिंग बिघडत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटला आहे. दगडासारखं कडक पेडल आणि गाडी थांबवायला मारावा लागणारा जोर, ही बूस्टर गेल्याची तक्रार. यात पॅड बदलून काहीच साधत नाही. ज्यांच्या गाडीला बूस्टरच नाही, त्यांनी हा भाग सोडून द्यावा.

दुसरी तपासणी मास्टर सिलिंडरची. इंजिन चालू ठेवून पेडलवर मध्यम दाब द्या आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा. नंतर हेच अगदी हलक्या दाबाने करा. आतलं सील झिजलं असेल तर जोराच्या दाबाने ते भिंतीला चिकटून बसतं आणि दोष लपतो. हलक्या दाबाला मात्र ऑइल त्याच्या कडेने मागे निसटतं आणि पेडल सावकाश तळाकडे जातं. म्हणूनच अशी गाडी जोराने ब्रेक मारला तर छान थांबते आणि सिग्नलला नुसता पाय ठेवून उभी असताना पुढे सरकायला लागते. बाहेर गळती नाही, पातळी कायम आणि पेडल बसतंय, तर मास्टर सिलिंडर आतून गेला आहे.

पेडल खोल जातं, पण पटकन दोनदा दाबलं की वर येतं, या तक्रारीला दोन कारणं असतात आणि गॅरेजमध्ये दोन्हींवर ‘एअर आलीय’ हेच उत्तर मिळतं. फरक पायाला कळतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर आलं, पण दाबताना लवचीक, दबत जाणारं वाटलं तर आत हवा आहे. वर आलं आणि टणक लागलं तर हवा नाही, मागचे लायनर ड्रमपासून लांब राहिले आहेत. आपोआप जुळणारी यंत्रणा जुन्या गाड्यांत गंजून अडकते. खात्री करायची असेल तर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. आता ते पहिल्याच दाबाला वर लागलं, तर मागचे ब्रेक चढवून घेण्याचंच काम आहे. ही तपासणी करायला पाना लागत नाही, पैसा लागत नाही, आणि तिच्यामुळे वाचणारा खर्च मोठा आहे.

जुन्या गाडीत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो चिकटणारा ब्रेक, कारण तो सुरुवातीला कोणाला कळतच नाही. ब्रेक तर लागतोच, तक्रार येते ती मायलेजची. गाडी जड वाटते, सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये लवकर थांबते, एका चाकाशी जळका वास येतो. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर जा, शेवटी शक्यतो ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही चाकांच्या रिमजवळ तळवा न्या. हात लावू नका, तापलेली डिस्क कातडी सोलते. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ते धरून बसलं आहे.

आता ते का धरून बसलं, हे नीट शोधायला हवं. नुसता कॅलिपर बदलून मोकळं होणं ही इथली नेहमीची चूक. गाडी सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, ते चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. इंजिन चालू करून दोन-तीनदा ब्रेक दाबून सोडा, इंजिन बंद करा, मग चाक हाताने फिरवा. फिरत नसेल तर कॅलिपरवरचं एअर काढायचं निपल पाव आटा सैल करा. इथे दोनच गोष्टी घडू शकतात. निपलमधून ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे. पाय सोडल्यावरही आत दाब अडकून राहिला होता. चिळकांडी न उडता चाक तसंच जाम राहिलं, तर अडचण कॅलिपरमध्येच आहे : पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्यात. पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं की बऱ्याच गाड्या सुटतात. याची आणखी एक खूण म्हणजे एकाच चाकातलं आतलं पॅड संपलेलं आणि बाहेरचं जवळजवळ नवं.

अडकलेला दाब असेल तर आणखी एक पायरी वर जा. निपल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून सोडा आणि या वेळी रबरी पाइप जिथे बॉडीवरच्या लोखंडी पाइपला जोडला आहे, तो सांधा सैल करा. तिथे सोडूनही चाक जाम, आणि निपल सोडल्यावर मोकळं, तर दोष त्या रबरी पाइपचा. बाहेरून तो धडधाकट दिसतो, आतून मात्र सुजून बंद झालेला असतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकललं जातं, परतताना त्याला वाट मिळत नाही. सांधा सोडल्यावर चाक मोकळं झालं, तर कारण त्याच्याही वर, मास्टर सिलिंडरपाशी आहे. तिथे ऑइल परत येण्याचं बारीक छिद्र तुंबलेलं असतं, किंवा पुश रॉड इतका ताणून बसवलेला असतो की पेडल सोडलं तरी पिस्टन पूर्ण मागे येत नाही. अशा वेळी सहसा एकापेक्षा जास्त चाकं गरम होतात. या गाड्यांत ऑइलचे दोन मार्ग असतात आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत ते तिरपे विभागलेले असतात : पुढचं डावं चाक मागच्या उजव्याबरोबर आणि पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. तिरपी जोडी गरम लागली तर चाकांकडे पाहूच नका, मास्टर सिलिंडर तपासा.

सांधा सोडताना एक सांभाळा. जुन्या लोखंडी पाइपचा नट गंजलेला असतो. साध्या पान्याने त्याच्या कडा झिजतात आणि पाइप पिळला जातो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि पाइपच्या नटासाठी मिळतो तो खास पाना वापरा. सांधा सोडलात म्हणजे हवा आत गेली, तेव्हा नंतर एअर काढावीच लागेल. हे काम हातचं वाटत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण याच क्रमाने करायला सांगा.

मागचं चाक गरम असेल तर आधी हँडब्रेक पाहा. केबल आवरणात गंजली की ओढली जाते, परत येत नाही. कोकणात हे फार आढळतं. गणपतीला आणलेली गाडी अंगणात हँडब्रेक ओढून उभी राहते आणि खाऱ्या, दमट हवेत लायनर ड्रमला चिकटून बसतात. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडा, गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकांना दगड लावा.

ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते तेव्हा आधी टायरची हवा तपासा. ती बरोबर असेल तर लक्षात घ्या, गाडी ओढली जाते ती चांगल्या ब्रेकच्या बाजूला. डावीकडे ओढली तर उजव्या चाकात शोधा : पॅडला ग्रीस लागलंय, पिस्टन अडकलाय किंवा पाइप आतून अरुंद झालाय. ब्रेक न मारताही ओढत असेल आणि त्याच बाजूचं चाक गरम असेल, तर मात्र तोच ब्रेक चिकटलाय. लोअर आर्मचे बुश गेले असतील तरीही ब्रेक लागताना स्टिअरिंग झटकतं. तो दोष ब्रेकचा नव्हे.

थरथर स्टिअरिंगमध्ये येत असेल तर पुढच्या डिस्ककडे, आणि बसल्या जागी किंवा पेडलमध्येच जाणवत असेल तर मागच्या ड्रमकडे संशय न्या. मोकळ्या मैदानात, अगदी कमी वेगाने, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढा. थरथर आली तर ड्रम अंडाकृती झाला. लेथवर टर्निंग करून मिळतं, पण ड्रमवर कमाल व्यास आणि डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्या मर्यादेपलीकडे गेलेला पार्ट टर्निंगला देऊ नका, बदला. आवाजांविषयी थोडक्यात : पावसात रात्रभर उभ्या गाडीची सकाळची पहिली एक-दोन वेळची खरखर ही गंजाची आणि निरुपद्रवी. बारीक शिट्टीसारखा आवाज हा पॅड संपत आल्याचा इशारा असू शकतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर गाडी तिथेच थांबवा.

मागचा ड्रम उघडल्यावर मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. बोथट स्क्रू ड्रायव्हरने टोपीची कड जराशी उचलायला सांगा. आत किंचित ओल चालते. थेंब पडला किंवा तपकिरी गाळ दिसला तर तो सिलिंडर गेला. नुसतं किट टाकून तो चालवायचा सल्ला मिळेल. आत खड्डे पडले असतील तर नवं रबरही त्यावर महिनाभरात फाटतं, तेव्हा अख्खा सिलिंडर बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. ऑइलमध्ये भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू देऊ नका. ते वरून कोरडे दिसतात आणि तापल्यावर आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. पेट्रोल रबरालाही मारक आहे. आणि ड्रममधली काळी भुकटी हवेच्या पाइपने किंवा तोंडाने फुंकू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात कायमचं राहतं. ओल्या फडक्याने पुसणं एवढाच उपाय आहे.

घाटातला दोष वेगळा ओळखावा लागतो, कारण गाडी गावात अगदी बरी असते. आंबोली, कुंभार्ली किंवा वरंधा उतरताना निम्म्यात ब्रेक कमी झाला, तर पेडल कसं लागत होतं ते आठवा. पेडल टणक होतं पण गाडी धरत नव्हती, तर पॅड आणि लायनर तापून त्यांची पकड गेली. पेडलच मऊ होऊन खोल गेलं, तर ऑइल उकळून त्यात वाफ झाली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत घसरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून रंग कसाही असो, दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच, आणि बाटलीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच, सीलबंद डब्यातला घ्या. कपाटात अर्धवट उघडा पडलेला डबा वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ या गाड्यांच्या ऑइलमध्ये कधीही मिसळू नका. उतारावर गिअर खालचा ठेवा आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करू नका. बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग हातात राहतं ते कडक पेडल.

एअर काढण्याच्या कामात जुन्या गाडीची एक खास भीती आहे. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन पहिल्या अर्ध्या भागातच फिरतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला आणि आतून खरखरीत झालेला असतो. एअर काढताना पोऱ्या पेडल तळाला आपटतो तेव्हा सील त्या गंजावर घासलं जातं आणि चांगला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला सांगा. एवढ्याने तो वाचतो.

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. त्या वेळी ‘पासिंगपुरते’ ब्रेक घट्ट चढवून देण्याची पद्धत आहे. आरटीओत गाडी निघते, पण घट्ट चढवलेले लायनर घासत राहतात, ड्रम तापतो आणि दोष झाकलाच जातो. त्या तपासणीच्या महिनाभर आधी वरच्या सगळ्या तपासण्या करून घ्या, म्हणजे खरी दुरुस्ती करायला वेळ मिळेल.

पेडल तळाला जात असेल, ऑइल डोळ्यांदेखत उतरत असेल किंवा लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग मागवा. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी जागच्या जागी पेडल टणक लागेपर्यंत दाबा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिला दाब पूर्ण वाया जातो. गॅरेजच्या दारातच समोरच्या गाडीवर आदळण्याचं हे साधं कारण आहे. मग रिकाम्या रस्त्यावर सावकाश दोन-चार वेळा ब्रेक मारून पाहा, आणि दोन दिवसांनी बॉनेट उघडून बाटलीतली पातळी पुन्हा एकदा तपासा.